चाकोरी सड्याच्या काठापर्यंतच: मसाई पठारावरच्या एका दिवसाच्या फेरीचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. कोल्हापुरातल्या एका फोर-बाय-फोर क्लबच्या सात गाड्या: तीन थार, दोन जिम्नी, एक जुनी जिप्सी आणि एक बोलेरो कॅम्पर. माणसे बावीस, त्यांत चार मुले. सोबत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. ठिकाण पन्हाळ्यापलीकडचे मसाई पठार, म्हणजे एक सडा (डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ), आणि विषय जांभा खडक व त्यावर उगवणारी फुले.

कागदावरचा बेत असा होता. सकाळी साडेसहाला शिवाजी पुलावरून निघायचे, नऊला पठारावर चढायचे, गाड्या पठाराच्या लांबीने नेत तीन ठिकाणी थांबून फुले बघायची, पांडवदऱ्याची लेणी करायची आणि कुंभारवाडीच्या अंगाने उतरून पाचपर्यंत घरी यायचे. प्रत्यक्षात गाड्या पठारावर गेल्याच नाहीत. सगळ्या काठावर थांबल्या, त्यांतली एक तिथेच रुतली आणि लेणी राहून गेली. फुले मात्र सगळ्यांनी अशी पाहिली, जशी गाडीच्या खिडकीतून कधीच दिसली नसती.

वाटेवरचा खडक

अशा फेरीत गाडीतला वेळ वाया जातो असे समजून लोक गाणी लावतात. कोल्हापूर ते मसाई या टप्प्यात तसे करू नये, कारण पठार कसे बनले हे याच रस्त्यावर क्रमाने दिसते. पंचगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस आणि नदीने आणून टाकलेली गाळाची काळी माती. केर्ली मागे पडून वाघबीळाच्या बाजूने चढ लागला की रस्त्याच्या कापात काळा कातळ उघडा पडतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर आहेत. जरा थांबून पाहिले तर एक थर घट्ट आणि उभ्या भेगांचा, तर त्याच्यावरचा किंवा खालचा भोकाभोकांचा दिसतो. लाव्हा थिजताना त्यातला वायू अडकून ही भोके राहिली आणि पुढे त्यांतल्या काहींत पांढरी खनिजे भरली.

माथ्याजवळ रंग बदलतो. काळ्याचा तांबडा होतो आणि खडक मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यासारखा दिसू लागतो. हाच जांभा. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांत काळ्या कातळातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळून वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. ॲल्युमिनियम जास्त राहिले की बॉक्साइट होते. शाहूवाडी आणि राधानगरी तालुक्यांत बॉक्साइटच्या खाणी आहेत त्या यामुळेच. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातला असाच खडक पाहून त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' म्हटले. कोकणात चिऱ्यांची घरे बांधणाऱ्याला ते नाव लगेच पटेल.

जांभा पाणी पितो. त्याच्या खाली, न कुजलेल्या कातळाच्या वर, चिकणमातीचा थर असतो आणि तो पाणी अडवतो. म्हणून डोंगराच्या पोटात झरे फुटतात, आणि म्हणूनच अतिवृष्टीत वरचा भाग त्या ओल्या थरावरून घसरतो. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती. त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी इकडे येणाऱ्याने आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी केलीच पाहिजे.

घाटात सात गाड्या एका ओळीत उभ्या करायला जागा नाही. या फेरीत तीन आणि चार असे दोन गट केले, प्रत्येक गट रुंद वळणाच्या पुढे, सरळ तुकड्यात थांबला आणि एक माणूस मागच्या वळणावर उभा राहिला. गाडीगाडीतले बोलणे परवाना न लागणाऱ्या ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या वॉकीटॉकीवर. घाटात आणि पठारावर मोबाइलची रेंज येते-जाते. व्हॉट्सॲपवर सूचना देण्याच्या भरवशावर सात गाड्या नेऊ नयेत.

काठावरचा निर्णय

आदले तीन दिवस पाऊस पडला होता. मुरमाचा रस्ता संपला तिथे पहिली गाडी थांबली आणि प्राध्यापक पन्नास-साठ पावले पुढे चालून आले. कातळावरून जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या खोलीचे पाणी पसरून सरकत होते आणि त्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले उभी होती. पुढे पूर्वीच्या गाड्यांची चाकोरी स्पष्ट दिसत होती. दोन सभासदांचे म्हणणे सरळ होते: चाकोरी पडलेलीच आहे, तिच्यातूनच गेलो तर नवे काय बिघडणार?

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. माणसांसह भरलेली थार साधारण दोन टनांची, म्हणजे एका चाकावर पाचशे किलो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेइतका असतो. ३० पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला २.१ किलो. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पावलावर उभा असतो तेव्हा, बुटाचे टेकलेले क्षेत्र २०० चौरस सेंटीमीटर धरले, तर तो ०.३५ किलो दाब देतो. टायरचा दाब याच्या सहापट. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली तरी तो १.२७ किलो, म्हणजे साडेतीन पटींहून जास्तच. 'हवा कमी केली की जमिनीला काही होत नाही' ही क्लबांमध्ये पसरलेली समजूत चिखलाच्या रस्त्यापुरती कामाची आहे. सड्यावर, जिथे कातळावर दोन-चार सेंटीमीटरच माती आहे, तिथे ती चुकीची ठरते.

दाबापेक्षाही मोठे नुकसान पाण्याचे होते. सड्याची सगळी फुले त्या पसरलेल्या, हळू सरकणाऱ्या पाण्यावर जगतात. चाकोरी म्हणजे पाण्याला काढून दिलेला पाट. दोन्ही बाजूंचे पाणी तिच्यात उतरते आणि वेगाने निघून जाते. चाकोरीच्या दोन्ही अंगांना कातळ लवकर सुकतो आणि तिथे सीतेच्या आसवांऐवजी रेताड पट्टा दिसतो. मग ओल्या दिवसात पुढचा चालक चाकोरीतला खड्डा टाळायला थोडा बाहेरून जातो, त्याच्या पुढचा आणखी बाहेरून, आणि एका मागाचे तीन माग होतात. २५५ मिलिमीटरच्या दोन टायरांचा नवा माग एक किलोमीटर गेला तर पाचशे चौरस मीटरहून जास्त जागा चेपली जाते. म्हणून 'चाकोरी आहेच' हे पुढे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. ती आणखी खोल आणि रुंद करायची की भरू द्यायची, एवढेच चालकाच्या हातात असते.

कायद्याची बाजूही आहे. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या काही अभयारण्यांच्या तरतुदी अशा क्षेत्रालाही लागू होतात: आग लावायची नाही, कचरा टाकायचा नाही, प्राण्यांना त्रास द्यायचा नाही. क्लबने आठवडाभर आधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात आणि खालच्या गावात विचारणा केली होती. तसे न करता जाणाऱ्याने पठारावर गुरे चारणाऱ्या माणसांशी वाद घालू नये. माळ त्यांच्या रोजच्या वापरातला आहे आणि मसाईदेवीचे ठाणेही त्यांचेच आहे.

निर्णय पाच मिनिटांत झाला. गाड्या मुरमावर उभ्या करायच्या, पुढे पायी. निर्णय बरोबर होता, पण त्याची तयारी आधी केलेली नव्हती, आणि पुढचा तास तिथेच गेला.

रुतली कशी, निघाली कशी

सात गाड्या वळवून उभ्या करायला काठावर जागा नव्हती. मूळ बेत आरपार जाण्याचा असल्यामुळे परत वळण्याचा विचार कुणीच केला नव्हता. चौथी गाडी, थार, मागच्या गाडीला वाट देताना रिव्हर्समध्ये डावीकडे सरकली आणि तिची डावी चाके मुरूम सोडून गवतावर गेली. गवत सपाट, हिरवे, टणक दिसत होते.

जांभ्याचा पृष्ठभाग सपाट नसतो. त्यात गुडघाभर खोलीचे खळगे असतात आणि ते बारीक मातीने भरतात. वर गवताच्या मुळांचे पाचेक सेंटीमीटरचे जाळे असते. माणूस त्यावर उभा राहिला तर ते झेपते. खाली मात्र सप्टेंबरअखेर माती पाण्याने भरलेली असते. डावे मागचे चाक त्या जाळ्यातून खाली गेले. चालकाने घाईने ॲक्सिलरेटर दाबला, आणि तीच चूक महागात पडली. लो रेंज (हळू पण जोरदार गिअर) लावलेली असूनही गाडी हलली नाही, कारण मागचे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच, लॉक होणारे नव्हते आणि गाडी तिरकी झाल्याने समोरचे उजवे चाकही हलके झाले होते. लो रेंज ताकद वाढवते, पकड वाढवत नाही. ताकद ज्या चाकाला पकड नाही त्याच्याकडेच जाते. दहा सेकंदांत चाक आणखी वीस सेंटीमीटर उतरले आणि धुरा गवताला टेकला.

पहिला उपाय चुकला. दोन छोटे पट्टे डी-शॅकलने (पिन लावायच्या लोखंडी कडीने) जोडून ओढण्याची तयारी झाली. पुढच्या गाडीच्या अनुभवी चालकाने ते वेळेत थांबवले. ताणाखाली एखादा पट्टा तुटला तर मधला लोखंडी शॅकल गोळ्यासारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो. पट्टे जोडायचेच असतील तर एकाचा फास दुसऱ्यातून ओवून त्यात गुंडाळलेला कागद किंवा मऊ काठी घालावी, म्हणजे गाठ आवळून बसत नाही. रुतलेली गाडी काढताना हूक म्हणून टो-बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायची गोळी, कधीही वापरू नये. ती ट्रेलर ओढण्यासाठी आहे, झटका घेण्यासाठी नाही.

मग क्रमाने काम झाले. चालक सोडून सगळे खाली उतरले. फावड्याने चारही चाकांच्या पुढची माती काढली. चाकाच्या समोर सरळ भिंत राहू द्यायची नाही, एकास तीन असा उतार काढायचा. धुऱ्याखालची माती मोकळी केली, कारण पोट टेकलेली गाडी ओढायला दुप्पट-तिप्पट जोर लागतो. अडकलेल्या गाडीच्या चारही टायरांची हवा १६ पीएसआयपर्यंत आणली. चाकांखाली प्लॅस्टिकच्या दोन रिकव्हरी फळ्या आणि त्यांच्या पुढे साखरेची रिकामी पोती घड्या करून घातली. पोत्यांची युक्ती साधी आणि खात्रीची आहे. प्रत्येक गाडीत चार पोती असावीत. कुणीतरी आजूबाजूचे दगड उचलून चाकाखाली घालू लागला तेव्हा प्राध्यापकांनी त्याला थांबवले, त्याचे कारण पुढे येईलच.

ओढणारी थार मुरमावर, रुतलेल्या गाडीच्या शक्य तितक्या सरळ रेषेत. नऊ मीटरचा ताणणारा नायलॉनचा दोर, ज्याची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या निदान दुप्पट-तिप्पट असावी. शॅकल ४.७५ टनांचे, चासीला बोल्टने बसवलेल्या हुकांनाच लावलेले. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे. दोराच्या मध्यावर जुने जड कांबळे टाकले, म्हणजे दोर तुटला तरी उसळी कमी होते. मुले आणि बाकीची माणसे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. दोराला दीडेक मीटर ढील ठेवून ओढणारी गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये हळू निघाली, रुतलेल्या गाडीने त्याच क्षणी हलका ॲक्सिलरेटर दिला, आणि दुसऱ्या प्रयत्नात थार मुरमावर आली.

सगळे मिळून पाऊण तास गेला. त्यातला अर्धा वेळ फावड्याचा होता, आणि तो वेळ नेहमी सर्वांत उपयोगी असतो. आधी खणा, मग ओढा. ज्या क्लबांत पहिल्यांदा दोर निघतो तिथे बंपर आणि हूक तुटतात.

मागे तीनेक मीटर लांब आणि वीतभर खोल चर राहिला. तो तसाच सोडला असता तर पुढच्या पावसात तोच पाट झाला असता. खणताना गवताचे ढेकूळ मुळांसकट बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला ओळीने ठेवले होते. चर मातीने भरून पायाने दाबला आणि ढेकळे जशी निघाली त्याच क्रमाने परत बसवली. फावडे न्यायचे कारण गाडी काढण्याइतकेच हेही आहे.

सड्यावरचे अडीच तास

पुढचे चालणे जेमतेम दोन किलोमीटरचे होते आणि त्याला अडीच तास लागले. नियम एकच सांगितला: उघड्या कातळावर पाय ठेवा, हिरव्यावर नको, पाण्यात तर नकोच. कातळावरचे काळे-राखाडी डाग म्हणजे दगडफूल. ओले असताना ते शेवाळासारखे निसटते, म्हणून पायांत खाचांचे रबरी तळवे हवेत. गमबूट चालत नाहीत. दर तिघांत एक दहापट मोठे दाखवणारे भिंग असले की पुरते.

सड्यावर काय कुठे उगवते हे मातीची जाडी ठरवते, आणि ते ओळखू आले की बाकी सगळे सोपे होते. उघड्या कातळावर दगडफूल. पाण्याच्या पापुद्र्यात, जिथे माती नखाएवढी, तिथे सीतेची आसवे आणि गेंदाची पांढरी बटणे. थोड्या जाड मातीत कवल्याची पिवळी फुले, ज्यांच्या दोन ठिपक्यांमुळे मुले त्यांना मिकी माऊस म्हणतात, आणि तेरड्याचे गुलाबी गालिचे. खळग्यांत, बांधाच्या कडेला, माती वीतभर झाली की सोनकी. नकाशा हातात नसतानाही फुलांच्या रंगावरून खाली कातळ किती खोल आहे हे सांगता येते. रुतलेली थार ज्या गवतावर गेली तिथे सोनकी होती. हे कळल्यावर त्या चालकाने पुढचा तासभर प्रत्येक सोनकीखाली काठी खुपसून पाहिली. अंदाज बहुतेक वेळा खरा ठरला.

सीतेची आसवे मांसाहारी आहेत, हे मोठ्यांनाही नवे होते. फूल हवेत, पण सापळे पाण्यात आणि ओल्या मातीत. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे फुगे. फुग्याच्या तोंडाच्या केसांना सूक्ष्म जीव लागला की झाकण आत उघडते आणि तो पाण्यासकट ओढला जातो, तेही डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी. शेजारी दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती. तिच्या पानावरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटे अडकतात. कारण एकच: या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाही, तो किड्यांतून मिळवावा लागतो. म्हणूनच शेणखत, राख, उरलेले अन्न किंवा साबणाचे पाणी सड्यावर टाकणे घातक. मातीत अन्न वाढले की साधे गवत जोर धरते आणि ही झाडे हरतात. कागदी द्रोण विघटनशील आहेत म्हणून ते तिथेच टाकून यायचे, हा युक्तिवाद इथे चालत नाही.

आता दगडांचे. सड्यावर सुटे पडलेले जांभ्याचे चपटे दगड म्हणजे घरे आहेत. त्यांच्या खाली पाली, विंचू, बेडूक असतात, ओलाव्यात देवगांडूळही सापडते. देवगांडूळ गांडुळासारखे दिसले तरी तो पाय नसलेला उभयचर, बेडकाचा नातेवाईक. आणि अशाच दगडांखाली फुरसेही बसते. फुरसे लहान, दगडाच्या रंगाचे आणि पळून न जाता जागीच वेटोळे घासत करकर आवाज करणारे. त्याचे विष रक्त गोठू देत नाही. दगड न उलटण्याचा नियम म्हणून दोघांच्याही जिवासाठी आहे. कुणाला दंश झालाच तर तो भाग हलवू न देता थेट कोल्हापुरातले मोठे रुग्णालय गाठायचे. बांधणे, कापणे, चोखणे काही नाही. क्लबने पहिली गाडी नेहमी उतरणीकडे तोंड करून आणि वाट मोकळी ठेवून लावावी ती यासाठी.

कातळातल्या पाण्याच्या डबक्यांत बेडूकमासे होते. अशा डबक्यांतल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांची अंडी पाणी आटल्यावर मातीत कोरडी पडून राहतात आणि पुढच्या पावसात उबतात. उन्हाळ्यात पठार मोकळे आणि मेलेले दिसते, तेव्हा चाके नेण्याचा मोह होतो. पण ती अंडी आणि त्या झाडांचे बी याच काळात वरच्या सेंटीमीटरभर मातीत असतात. 'कोरड्यात गाडी नेली तर चालते' हे त्यामुळे अर्धसत्यसुद्धा नाही.

एक मीटर बाय एक मीटरची चौकट चार पीव्हीसी पाइपांची केलेली होती. मुलांनी ती तीन ठिकाणी, कातळावर उभे राहून, अलगद टेकवली आणि आत काय आहे ते वहीत लिहिले: मातीची खोली, पाणी आहे की नाही, फुलांचे रंग, चौकटीच्या कोपऱ्याचे ठिकाण जीपीएसने. हीच चौकट दरवर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी ठेवली तर क्लबच्या हाती काही वर्षांत उपयोगाची नोंद येईल.

परतताना

दुपारी एकच्या सुमारास धुके खाली आले. थालीपीठ, ठेचा आणि भडंग काठावर, गाड्यांजवळच खाल्ले. माणशी तीन लिटरप्रमाणे ६६ लिटर पाणी नेले होते, ते जारांतून, बाटल्यांतून नव्हे. लेण्यांचा बेत इथेच सोडला. धुक्यात कड्याच्या पोटाकडे मुलांसह उतरणे योग्य नव्हते आणि पाऊण तास आधीच गेला होता.

निघण्यापूर्वी हवा उतरवलेल्या टायरांत परत ३२ पीएसआय. एका कॉम्प्रेसरवर एका गाडीला दहा-बारा मिनिटे लागतात, म्हणून सात गाड्यांना निदान दोन कॉम्प्रेसर हवेत. धुक्यात लो-बीम, अंतर तीस मीटर, चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर बंद, नाहीतर वळणार की थांबणार हे मागच्याला कळत नाही. उतारावर दुसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या एका जिम्नीतून जळका वास आला आणि तिला दहा मिनिटे थांबवावे लागले. या भागात संध्याकाळी गवा रस्त्यावर येतो. डिसेंबर २०२१ मध्ये तर तो कोल्हापूर शहरापर्यंत आला होता. गवा दिसला तर पन्नास मीटरवर थांबायचे, हॉर्न नाही, हाय-बीम नाही, त्याला जाऊ द्यायचे.

घरी पोचल्यावर धुण्याचे काम राहिले आणि ते बहुतेकांच्या डोक्यात नसते. चाकांच्या कमानी, पाऊलपट्ट्या, स्पेअर चाकाच्या मागची बाजू यांत चिखलाबरोबर बी येते आणि जाते. रानमोडी, गाजर गवत, घाणेरी ही मंडळी रस्त्याने डोंगरावर चढली आहेत, आणि गाड्या हे त्यांचे एक वाहन आहे. गाडी जाण्याआधी आदल्या दिवशी खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची, आल्यावर परत धुवायची.

पुढच्या फेरीसाठी क्लबने बेत बदलला तो असा: गाड्या सातऐवजी चार, बाकीची माणसे त्यांतच. वळायची जागा आदल्या आठवड्यात एका गाडीने जाऊन ठरवायची आणि तिथे मुरमाबाहेर चुन्याची रेघ न मारता दोन माणसे उभी करायची. पन्हाळ्यात सगळ्यांना शौचालयासाठी वीस मिनिटे. लेणी हवीत तर तीच पहिली, सकाळी सातला. आणि जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकाच गाडीने फक्त दोघांनी काठापर्यंत जाऊन, भरलेल्या चराच्या दोन्ही अंगांनी पाणी पसरून वाहते आहे की चरातून धावते आहे, ते पाहून यायचे.